शोभेची दारू आणि शासनाचे कर्तव्य

१ एप्रिल २०२५ रोजी गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील डीसा येथे फटाक्यांच्या एका गोदामात भीषण स्फोट झाला आणि एकवीस माणसे प्राणास मुकली. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती. मृत मजूर मध्य प्रदेशाच्या हरदा व देवास जिल्ह्यांतून पोटासाठी तेथे आलेले होते. गोदामाच्या परवान्याची मुदत डिसेंबर २०२४ अखेर संपलेली होती. आणि ज्या जागी केवळ साठवणूक व्हावयाची तेथे चोरून उत्पादन चालले होते.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व राजधानी परिसरात 'हरित' फटाके उडविण्यास मर्यादित परवानगी दिली. दिवाळीच्या आदल्या दिवशी आणि दिवाळीच्या दिवशी, सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते १०, एवढ्याच वेळात फटाके वाजवावयाचे असे ठरले. या आदेशाची चर्चा देशभरच्या वृत्तपत्रांनी दिवसच्या दिवस चालविली. डीसाच्या एकवीस मृत्यूंची बातमी मात्र आठवड्याच्या आत आतल्या पानावर गेली आणि तेथूनही नाहीशी झाली.

फटाक्यांचे नियमन सरकारने करावे काय, आणि केल्यास कसे, हा प्रश्न आपल्या देशात कसा हाताळला जातो ते या दोन घटनांवरून कळून येते. फटाका किती वाजता वाजवावा यावर वाद होतो. तो कोणाच्या हातांनी, कोणत्या मजुरीवर आणि कोणत्या छपराखाली तयार झाला, हे विचारले जात नाही. वास्तविक शहरातील दम्याच्या रुग्णाचा श्वास आणि शिवकाशीच्या कामगाराचा प्राण हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात ज्यांचा लाभ आहे तेच ते वेगळे पाडतात.

कायदा आहे, अंमल नाही

नियमनाचा कायदाच नाही अशी स्थिती मुळीच नाही. स्फोटक द्रव्यांविषयीचा मूळ कायदा १८८४ चा, म्हणजे परकीय सत्तेच्या काळातला आहे. त्याखालील नियम १९४० मध्ये, पुढे १९८३ मध्ये आणि अखेर २००८ मध्ये नव्याने करण्यात आले. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण थोड्याशा घर्षणानेही पेट घेते म्हणून त्यावर १९९२ मध्ये बंदी घालण्यात आली. परवाने देणाऱ्या व तपासणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. छोट्या उत्पादकास जिल्हा प्रशासनाकडून परवाना मिळतो, त्याहून मोठ्यास संघटनेच्या विभागीय कार्यालयाकडून आणि सर्वांत मोठ्यास नागपूरहून. दोन शेडांमध्ये किती अंतर असावे, एका शेडमध्ये किती दारू असावी, एका वेळी किती माणसे आत असावीत, हे सारे नियमांत लिहिलेले आहे. धोक्याच्या कामाच्या शेडमध्ये चारांहून अधिक माणसे नसावीत हा नियम तर शिवकाशीच्या प्रत्येक कामगारास ठाऊक आहे. स्फोटानंतर मृतांची मोजणी होते तेव्हा तो पाळला गेला नव्हता हेही प्रत्येक वेळी सिद्ध होते.

शिवकाशी हे तामिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील गाव. पाऊस कमी, जमीन कोरडी, शेती बेभरवशाची. १९२०-३० च्या दशकात तेथील दोघे उद्योजक कलकत्त्याहून आगपेट्या तयार करण्याचे तंत्र शिकून आले आणि आगपेट्यांमागोमाग फटाक्यांचा धंदा उभा राहिला. दारू वाळविण्यास कोरडी हवा उपयोगी पडली. आणि दुष्काळी खेड्यांतून आलेले, अन्य काम नसलेले स्वस्त मनुष्यबळ त्याहूनही उपयोगी पडले. आज देशातील फटाक्यांपैकी सुमारे नव्वद टक्के माल शिवकाशी व तिच्या आसपासच्या भागात तयार होतो असे मानले जाते.

या मालाची खरी किंमत पुढील तारखांत मोजता येईल. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ मुदलीपट्टी येथील कारखान्यात जवळपास चाळीस जण मेले. नियमभंगावरून त्या कारखान्याचा परवाना आधीच स्थगित झाल्याचे वृत्त त्याच वेळी प्रसिद्ध झाले होते, तरीही काम चालूच होते. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच जिल्ह्यात अचनकुलम येथे वीसहून अधिक कामगारांचा अंत झाला. ४ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाबातील बटाला येथे भरवस्तीतील कारखान्यात तेवीस, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्य प्रदेशातील हरदा येथे दहाहून अधिक. पश्चिम बंगालमध्ये मे २०२३ मध्ये एगरा आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दत्तपुकूर येथील बेकायदा कारखाने उडाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळूरजवळ अत्तिबेले येथील गोदामात हंगामी कामासाठी आलेले तामिळ तरुण होरपळून मेले. महाराष्ट्रही याला अपवाद नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि तेथे राबणाऱ्या कष्टकरी स्त्रिया जळून मेल्या.

या राज्यांत निरनिराळ्या पक्षांची सरकारे होती. स्फोटाने पक्ष पाहिला नाही. म्हणून दोष एखाद्या अधिकाऱ्याच्या ढिलाईत संपत नाही. तो ज्या पद्धतीने हा धंदा चालतो तिच्यात शोधावयास हवा.

स्फोट का होतात

दरेक स्फोटानंतर 'घर्षणामुळे ठिणगी उडाली' असे निवेदन निघते. ते खरेही असते. सोरा, गंधक, ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण करताना, ते नळीत भरताना, वाळत घातलेला माल हलविताना घर्षण होतेच. उन्हाळ्यात धोका वाढतो. उरलेले मिश्रण रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी ते आणखी घातक झालेले असते. परंतु हे रसायनशास्त्र कामगारासही ठाऊक आहे. मग तो घाई का करतो?

कारण त्याला नगावर मजुरी मिळते. जितके नग तितके पैसे. सावधपणे, थांबून थांबून काम करणारा कामगार संध्याकाळी कमी पैसे घेऊन घरी जातो. अशा व्यवस्थेत सुरक्षिततेचा प्रत्येक नियम मजुराच्याच खिशातून दंड वसूल करतो. त्यात परवान्याच्या पोटभाड्याची भर पडते. परवाना एकाचा, पण शेड एकेक करून अनेक ठेकेदारांना दिलेल्या. ठेकेदारास एका हंगामात भाडे भरून नफा काढावयाचा असतो. तो चारांच्या जागी दहा माणसे बसवितो, शेड अपुरी पडली तर झाडाखाली काम चालू करतो, नेमून दिलेल्या मालाऐवजी अधिक किमतीचा व अधिक धोक्याचा माल करवून घेतो. दिवाळी जवळ आली की मागणी वाढते आणि ही सारी गती दुप्पट होते. स्फोट झाल्यावर ठेकेदार पळून जातो, फोरमनला अटक होते, परवान्याचा धनी 'मला काही कल्पना नव्हती' असे सांगतो, आणि सरकार मृतांच्या वारसांना काही लाख रुपये जाहीर करून आपली सुटका करून घेते.

बालमजुरीची कहाणीही याहून वेगळी नाही. १९८६ च्या कायद्याने आगपेट्या व फटाके यांच्या उत्पादनात मुलांना कामास लावण्यास मनाई केली. १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शिवकाशीच्या बालकामगारांच्या प्रश्नावरूनच सुरू झालेल्या खटल्यात, प्रत्येक मुलामागे मालकाकडून वीस हजार रुपये वसूल करून त्यांच्या पुनर्वसनासाठी निधी उभारावा असा आदेश दिला. तरीदेखील २०२५ मध्ये डीसाच्या ढिगाऱ्याखालून मुलांची प्रेते काढावी लागली.

अशा वेळी तपासणी यंत्रणा बळकट होणे अवश्य होते. घडले ते उलट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या, वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहावरून वीस आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी वीसवरून चाळीस करण्यात आली. निरीक्षकाच्या नावाला 'सुविधाकार' हे शेपूट जोडण्यात आले. घातक व्यवसायात एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती ठेवला आहे हे खरे. परंतु जे संरक्षण सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून राहते त्याला हक्क म्हणता येत नाही.

धूर आणि गोंगाट

फटाका विकत घेणाऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या बाजूनेही नियमनाची आवश्यकता तितकीच स्पष्ट आहे. १९९९ च्या अधिसूचनेने, फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांच्या उत्पादनास व विक्रीस मनाई केली. १८ जुलै २००५ च्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाच्या फटाक्यांवर बंदी आली. दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या नावाने २०१५ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी निकाल लागला. त्याने सरसकट बंदी नाकारली, पण फटाक्यांच्या माळा आणि बेरियमची क्षारद्रव्ये यांस मनाई केली, ऑनलाइन विक्री थांबविली आणि दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. हे आदेश केवळ दिल्लीपुरते नसून सर्व देशाला लागू आहेत असे न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

इतके असूनही दिवाळीच्या रात्रीचा अनुभव सर्वांना ठाऊक आहे. आवाजाची मर्यादा चार मीटरवर उपकरणाने मोजावयाची असते. चौकातील हवालदारापाशी कान तेवढे असतात. २०१८ च्या निकालाने आदेशभंगाबद्दल ठाणे अंमलदारास व्यक्तिशः जबाबदार धरले, पण एका रात्रीत लाखो घरांच्या गच्च्यांवर पहारा ठेवणे कोणत्याही पोलीस दलास शक्य नाही. जो फटाका बाजारात यावयासच नको होता तो विकला गेल्यावर त्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. तो कारखान्याच्या दारातच अडवावयास हवा.

शिवाय आवाज म्हणजेच उपद्रव हा समजही अपुरा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने पुणे विद्यापीठातील संशोधकांच्या साह्याने केलेल्या पाहणीत सर्वांत अधिक सूक्ष्म धूलिकण नागगोळीतून निघाल्याचे आढळले; त्यांचे प्रमाण दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले. चोवीस तासांच्या सरासरीची राष्ट्रीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. पेटवल्याजवळची क्षणिक पातळी आणि दिवसाची सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही, हे ध्यानात घेऊनही हा आकडा भयंकर आहे. नागगोळी वाजत नाही. म्हणूनच ती निरुपद्रवी समजून लहान मुलांच्या हाती दिली जाते, आणि मूल तिच्यावर वाकून बसते.

'हरित' फटाक्यांचा मार्ग नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने दाखविला. धूलिकणांचे उत्सर्जन सुमारे तीस टक्के कमी करणारी मिश्रणे तिने तयार केली. हे काम मोलाचे आहे. परंतु तीस टक्के कमी म्हणजे सत्तर टक्के शिल्लक. विक्री वाढली तर ती बचतही पुसली जाते. 'हरित' या शब्दाने जनतेची दिशाभूल होऊ नये.

बंदीने प्रश्न सुटेल काय

प्रदूषणाने त्रस्त झालेले अनेक प्रामाणिक नागरिक संपूर्ण बंदीची मागणी करतात. तिच्यामागील तळमळ नाकारता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतील बंदी शिथिल करण्यास नकार देताना सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हवा शुद्ध करण्याचे यंत्र घरात वा कामाच्या जागी बसविणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि रस्त्यावर राबणाऱ्यांनाच प्रदूषणाचा सर्वाधिक मार बसतो. हमाल, फेरीवाले, सफाई कामगार, पदपथावर झोपणारी कुटुंबे यांच्या दृष्टीने हे अक्षरशः खरे आहे. पुढे सप्टेंबरमध्ये न्यायालयाने असाही प्रश्न केला की, स्वच्छ हवेचा हक्क राजधानीच्या नागरिकांना असेल तर उरलेल्या देशाला का नसावा? हाही प्रश्न रास्तच आहे.

परंतु बंदीच्या हुकुमाने मागणी मरत नाही. ती पडद्याआड जाते. परवानाधारक कारखान्यात निदान शेडांतील अंतर मोजता येते. घराच्या मागील खोलीत, पत्र्याच्या गोदामात, शेताच्या बांधावर चालणाऱ्या उत्पादनास कोणताही नियम शिवू शकत नाही. हरदा येथे २०२४ मध्ये स्फोट झाला आणि सुमारे चौदा महिन्यांतच त्याच जिल्ह्यातील मजूर डीसा येथे मेले. कामगाराला दुसरे काम न देता केवळ दार बंद केले तर तो याहून वाईट दारापाशी जाऊन उभा राहतो.

उलटपक्षी, मालक मंडळी न्यायालयात लाखो कामगारांच्या रोजीरोटीचा हवाला देतात तेव्हा त्यांनाही काही विचारावयास हवे. या लाखोंपैकी किती जणांची नावे हजेरीपटावर आहेत? किती जणांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो? २०१८ च्या निकालानंतर शिवकाशीचे कारखाने काही महिने बंद राहिले. मालकांपाशी भांडवल होते, व्यापाऱ्यांपाशी साठा होता. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीपाशी काय होते? कामगारांची ढाल पुढे करून नियमनच टाळण्याचा हा डाव कामगार वर्गाने ओळखला पाहिजे.

धर्माच्या नावाने गोंधळ

नियमनाचा विषय निघाला की काही शक्ती ताबडतोब 'हिंदू सणांवरच बंधने का' अशी ओरड सुरू करतात. २०१८ च्या निकालात नाताळ आणि इंग्रजी नववर्ष यांच्यासाठी रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच, म्हणजे दिवाळीहून पुष्कळ कमी वेळ दिली आहे, हे ती मंडळी सांगत नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूचा इ. स. १४०० ते १९०० या कालखंडातील इतिहास साधार लिहून ठेवला आहे. त्यावरून दिसते की दारूकाम मुख्यतः मध्ययुगात, बंदुकीच्या दारूबरोबर आपल्याकडे रुजले आणि प्रथम ते राजेरजवाड्यांच्या वैभवाचे प्रदर्शन होते. पणती, आकाशकंदील, फराळ, रांगोळी यांची दिवाळी फटाक्याहून पुष्कळ जुनी आहे. सण जनतेचा आहे. त्याच्या नावाने बेरियमची वकिली करण्याचे कारण नाही.

देवळांच्या उत्सवांतील आतषबाजीनेही भाविकांचेच बळी घेतले आहेत. १० एप्रिल २०१६ रोजी केरळमधील परवूर येथील पुट्टिंगल मंदिरात, जिल्हा प्रशासनाची परवानगी नसताना झालेल्या चढाओढीच्या आतषबाजीत शंभराहून अधिक माणसे मेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कासारगोड जिल्ह्यात नीलेश्वर येथे पुन्हा साठ्याने पेट घेतला. श्रद्धेचा मान राखावयाचा तर श्रद्धाळूंचे प्राण आधी राखले पाहिजेत.

इतर देशांनीही ठेच लागल्यावरच शहाणपण शिकले आहे. हॉलंडमधील एन्स्खेडे शहरात १३ मे २००० रोजी वस्तीतील फटाक्यांचे गोदाम उडून तेवीस जण मेले आणि एक मोहल्लाच जमीनदोस्त झाला. ब्रिटनने २००४ च्या नियमांनी रात्री ११ ते सकाळी ७ फटाके उडविण्यास मनाई केली, पण दिवाळी, नववर्ष व तेथील नोव्हेंबरच्या पारंपरिक उत्सवासाठी सवलत ठेवली. उत्सव आणि शिस्त यांचा मेळ घालणे अशक्य नाही, एवढे यावरून निश्चित होते.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट म्हणजे परवाना पोटभाड्याने देणे हा गंभीर गुन्हा ठरवून परवानाधारकास, तो कोठेही राहत असला तरी, प्रत्येक मृत्यूबद्दल फौजदारी जबाबदार धरावे. कारखान्यांची यादी, त्यांच्या परवान्याची मुदत आणि तपासणीचे अहवाल जनतेस पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत.

दुसरी गोष्ट, मिश्रण व भरणी यांसारख्या धोक्याच्या कामांत नगावरील मजुरी बंद करून मासिक वेतन द्यावे. प्रत्येक कामगाराचे नाव हजेरीपटावर आणि कामगार विमा योजनेत असावे. उत्पादनाच्या प्रत्येक केंद्रापाशी भाजलेल्यांवर उपचार करणारे सुसज्ज रुग्णालय असावे.

तिसरी, तपासणीची जबाबदारी आज स्फोटक द्रव्यांची संघटना, कारखाना निरीक्षक, जिल्हाधिकारी, अग्निशमन दल, प्रदूषण मंडळ आणि पोलीस यांत विखुरली आहे. दुर्घटना घडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ती एका सूत्रात आणावी. स्फोटक द्रव्यांची संघटना उद्योगवाढ पाहणाऱ्या केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली राहावी हे सयुक्तिक नाही. कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा समित्यांना धोका दिसताच काम थांबविण्याचा, आणि त्या दिवसाची मजुरी न बुडण्याचा, अधिकार असावा.

चौथी, कोणता फटाका सामान्य ग्राहकास विकावयाचा याची लहान व निश्चित यादी असावी. मोठे बॉम्ब व दाट वस्तीत घुसणारी रॉकेटे तीत नसावीत. नागगोळीसारखे धुराचे प्रकारही नसावेत. प्रत्येक खेपेची चाचणी कारखान्यातच व्हावी. विक्री मोकळ्या मैदानातही अंतर ठेवूनच व्हावी. २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मैदानावर खेटून मांडलेली शंभराहून अधिक दुकाने काही मिनिटांत भस्मसात झाली होती. मोठी आतषबाजी हवीच असेल तर नगरपालिकांनी मोकळ्या जागी, शिकलेल्या कारागिरांकडून ती सर्वांसाठी करावी. २०१८ च्या निकालात सामुदायिक जागांची कल्पना आहेच. तिच्याकडे नगरपालिकांनी लक्ष दिले नाही.

पाचवी, हे नियम सर्व राज्यांना, सर्व धर्मांच्या सणांना, आणि विवाह व निवडणुकीच्या विजयी मिरवणुकांनाही सारखेच लागू असावेत. कारवाईचा आरंभ गोदामापासून व्हावा, फुलबाजी घेतलेल्या पोरापासून नव्हे.

सहावी, आणि सर्वांत निकडीची गोष्ट पुनर्वसनाची. धंदा आक्रसत जाणार हे स्पष्ट आहे. उत्पादक व बडे व्यापारी यांच्यावर उपकर बसवून निधी उभारावा; त्यातून विरुधुनगरसारख्या दुष्काळी भागांत पाण्याची, शाळांची आणि दुसऱ्या उद्योगांची सोय व्हावी. ज्या पिढीने बोटे जाळून देशाला उजेड पुरविला तिच्या मुलांना त्याच शेडमध्ये बसावे लागू नये.

या मागण्या न्यायालयांच्या आदेशांनी आपोआप पुऱ्या होणार नाहीत. गेल्या वीस वर्षांत आदेशांची वाण पडलेली नाही. त्यांच्या पाठीशी संघटित जनमताची मात्र पडली. कामगार संघटना, डॉक्टर, शिक्षक, विज्ञानाचा प्रसार करणारे कार्यकर्ते आणि वस्तीवस्तीतील नागरिक यांनी एकत्र येऊन केंद्र व राज्य सरकारांना जाब विचारावयास हवा. त्यासाठी दिवाळीची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीचा माल वर्षभर तयार होत असतो, आणि तो करणारे हात आजही त्या शेडांत काम करीत आहेत.